“मॅडम, किती आलं ओ?”

आवाज मोजायला गेलं की हा प्रश्न ठरलेला. विचारणारे मात्र दोन प्रकारचे. कारखान्याचा मालक किंवा मॅनेजर विचारतो तेव्हा त्याला आकडा कमी हवा असतो. ऐंशीच्या घरातलं काही सांगितलं की चहा येतो, शंभर म्हटलं की “तुमचं मशीन चेक केलंय ना?” येतं. आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत डॉल्बीपुढं नाचणारी पोरं विचारतात तेव्हा त्यांना आकडा मोठा हवा असतो. “एकशे एक” म्हटलं की तोंडं वाकडी. “एवढंच व्हय? मागच्या मंडळाचं किती आलं?” आणि लगेच एकजण ऑपरेटरकडं पळतो, वाढव म्हणून. म्हणून मिरवणुकीत मी आता आकडा सांगतच नाही. स्क्रीनवर हात ठेवते.

मी मूळची इचलकरंजीची. कोल्हापुरात एका पर्यावरण तपासणी प्रयोगशाळेत काम करते. पाणी, हवा, चिमणीतला धूर आणि आवाज, असं सगळं मोजायचं काम. पाण्याचा नमुना बाटलीत भरून आणता येतो, धूळ फिल्टरवर धरून आणता येते, शंका आली तर पुन्हा तपासता येते. आवाजाचं तसं नाही. तो झाला तिथंच मोजायचा, आणि नंतर कुणी “दाखवा” म्हणालं तर दाखवायला फक्त आपली वही आणि यंत्राची मेमरी. त्यामुळं प्रयोगशाळेत कुणालाही आवाजाचं काम सोपं वाटतं आणि मला तेच सगळ्यात बिकट वाटतं.

यंत्र दिसायला साधं. हातात मावेल असा मीटर, पुढं निमुळता, टोकाला अर्ध्या इंचाचा मायक्रोफोन, त्यावर काळ्या स्पंजचा गोळा. पोरं त्यात “हॅलो हॅलो” करतात, हायवेला लावलं की दुचाकीवाले पोलिसांची स्पीडगन समजून हेल्मेट घालतात. (हा फायदा कुठल्याच अहवालात येत नाही.) स्पंज वाऱ्यासाठी असतो. वारा मायक्रोफोनवर घासला तर मीटर तोही आवाज म्हणून मोजतो. सेकंदाला पाच मीटरच्या वर वारा असेल तर स्पंज असूनही बाहेरची मोजणी आम्ही थांबवतो. मीटर जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंच, भिंतीपासून लांब, आणि मी स्वतः त्याच्यापासून हातभर मागं. माणसाच्या अंगावरूनही आवाज परततो. मॅनेजर आकडा बघायला अगदी मीटरला चिकटून उभा राहतो, तेव्हा त्याला आधी मागं सरकवावं लागतं.

मोजण्यापूर्वी आणि मोजून झाल्यावर कॅलिब्रेटर लावायचा. मुठीत मावणारा डबा. मायक्रोफोनवर बसवला की १००० हर्ट्झचा एकच सूर देतो, ९४ डेसिबलचा. ९४ म्हणजे बरोबर १ पास्कल दाब. तरुण, निरोगी कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज २० मायक्रोपास्कलचा धरलाय, तो शून्य डेसिबल. म्हणजे शून्य आणि ९४ यांच्या मधे दाब पन्नास हजार पटींनी वाढतो. एवढा पसारा साध्या आकड्यांत मांडणं शक्य नाही म्हणून लॉगरिथमचं माप आलं, आणि त्या लॉगरिथमपायीच या धंद्यातले निम्मे गैरसमज जन्माला आले. सुरुवातीच्या आणि शेवटच्या कॅलिब्रेशनमधे अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त फरक आला तर मधल्या सगळ्या नोंदी बाद. उन्हात तापलेल्या आवारात दुपारभर उभं राहून घेतलेल्या नोंदी बाद करताना काय वाटतं ते विचारू नका.

लॉगरिथमचा गैरसमज कसा असतो ते सांगते. एका यंत्रमागाच्या शेडमधे मी पोचले तर निम्मे माग बंद. “बीम संपलेत आज,” मालक म्हणाले. बीम म्हणजे मागावर चढवलेला ताण्याच्या सुताचा रूळ. एवढे सगळे एकदम कसे संपले ते मी विचारलं नाही. मोजलं. त्यांना वाटत होतं, निम्मे माग बंद म्हणजे आवाजही निम्मा, शंभराचे पन्नास. आले ९७. त्यांचा चेहरा बघून मलाच वाईट वाटलं. आवाजाचे स्रोत निम्मे केले की फक्त ३ डेसिबल कमी होतात. ९० चे दोन माग शेजारी लावले तर १८० होत नाहीत, ९३ होतात. आणि कामगाराच्या कानाशी तर तेवढाही फरक पडत नाही, कारण त्याच्या कानाला सगळ्यात जवळचा माग तो चालवत असलेलाच असतो. निम्म्या दिवसाचं कापड बुडवून पदरात तीन डेसिबल. पुढच्या वेळी गेले तेव्हा सगळे माग चालू होते.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला. त्यानंतर शंभर वर्षं गाव त्याच खटखटीवर जेवलं. साध्या मागाचा आवाज का एवढा, ते मागाजवळ उभं राहिल्यावर डोळ्यांनीच कळतं. पिकिंगची काठी धोट्याला फटका मारते, धोटा ताण्यातून सुसाट जाऊन पलीकडच्या पेटीत आदळतो, फणी बाणा (आडवा धागा) ठोकते, की लगेच उलटा फटका. मिनिटाला दीडशेच्या घरात. म्हणजे आवाज कुठून गळत नसतो, ठोकण्याचाच असतो, आणि ठोकल्याशिवाय कापड होत नाही. वर पत्रा, खाली फरशी, चारी बाजूंनी उघड्या विटा. आवाज जाणार कुठं? कामगार ज्या बोळात फिरतो तिथं मला बहुतेक वेळा ९६ ते १०१ मिळतात. रेपियर जातीच्या मागावर धोटा नाही, त्यामुळं तो फटकाही नाही. पण त्याचा वेग जास्त. आवाज थोडा खाली येतो, ९० च्या खाली क्वचित.

अशा शेडमधे बोलणं तोंडानं होत नाही. भुवया, बोटं, मान. कांडी संपली, सूत तुटलं, शेठ आला, चहा आला, सगळ्याला खूण आहे. लँकेशायरच्या गिरण्यांतले विणकरही ओठ बघूनच बोलायचे म्हणतात. आमच्याकडं कुणी शिकवलं नाही, ज्याचं त्यानं शिकून घेतलं.

त्या बीम संपलेल्या शेडचे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, पंचावन्नच्या पुढचे. आत पाऊल टाकलं आणि म्हणाले, “मधल्या ओळीतल्या तिसऱ्याचं पिकिंग सैल झालंय.” शंभर डेसिबलमधे! मी मीटर घेऊन त्या मागापाशी गेले, शेजारच्यापाशी गेले, मला काडीचा फरक दिसला नाही. त्यांनी मागाच्या चौकटीवर तळहात ठेवला, मान हलवली, पान्यानं दोन आटे फिरवले. नंतर बाहेर टपरीवर मी विचारलं, “मामा, साखर कमी?” तर म्हणाले, “आठ कुठले, बारा तास की.”

हेच ते. मोठ्या आवाजानं कान जातो तो सगळा एकदम जात नाही. आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचा भाग जातो. ऑडिओग्रामवर, म्हणजे कानाच्या तपासणीच्या आलेखावर, रेघ सरळ येता येता तिथं खड्ड्यात पडते, पुढं जरा वर येते. मागाची धडधड, ट्रकचं इंजिन, माणूस काहीतरी बोलतोय एवढं, हे सगळं त्या खड्ड्याच्या अलीकडं असतं, ते ऐकू येत राहतं. जातात ते स, ख, त, फ, थ असले बारीक आवाज. स्वर पोचतात, व्यंजनं गळतात. त्यामुळं ज्याचा कान गेलाय त्याला स्वतःला वाटत असतं की आपल्याला ऐकू येतंय, लोकच पुटपुटतात. घरी बायको म्हणते मुद्दाम दुर्लक्ष करतोय, नातवंडं म्हणतात आजोबा टीव्ही फोडतील. गेलेलं परत येत नाही. कानाच्या आतल्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत. कायद्यानं हा नोंद करायचा व्यवसायजन्य आजार आहे. पण मामा म्हणाले त्यातलं “बारा तास” मी वहीत लिहून घेतलं, कारण मोजणीच्या दृष्टीनं ते ९७ पेक्षा महत्त्वाचं होतं.

कारखाने नियमांतल्या तक्त्यात आठ तासांना ९० डेसिबल (ए) ही मर्यादा आहे. पुढं प्रत्येक ५ डेसिबलला वेळ निम्मी: ९५ ला चार तास, १०० ला दोन, १०५ ला एक, आणि ११५ च्या वर कानाला काही न लावता एक क्षणही नाही. हाच हिशेब उलटा धरला तर बारा तासांच्या पाळीला मर्यादा ८७ वर येते. ९८ मधे बारा तास उभा राहणारा माणूस एका पाळीत साडेचार दिवसांचा आवाज घेतो. मालकांच्या अहवालात मात्र ‘मर्यादा: ९०’ एवढंच छापलेलं असतं, कारण छापील नमुना आठ तासांचा आहे. बरं, हे ज्यांच्याकडं मोजायला बोलावतात त्यांचं झालं. चार-आठ मागांच्या खर्चीवाल्यांच्या (दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणाऱ्यांच्या) शेड कामगारांच्या संख्येमुळं बहुतेक वेळा कारखाने कायद्याच्या कक्षेतच येत नाहीत, तिथं मला कोण बोलावतंय? मला बोलावणारे बहुतेक एक्स्पोर्टवाले. परदेशी गिऱ्हाइकाचा ऑडिट आला की आठवण होते.

तिथं एक घोळ नेहमी होतो तो इथंच मिटवते. कारखान्याच्या आत कामगारासाठी ९० ची मर्यादा, आणि बाहेर वस्तीसाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली मर्यादा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरची मर्यादा दिवसा आणि रात्री वेगळी: औद्योगिक भागात ७५ आणि ७०, व्यापारी भागात ६५ आणि ५५, राहत्या वस्तीत ५५ आणि ४५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सहा. तक्रारदार येतो आणि म्हणतो ९० ची मर्यादा आहे. मालक म्हणतो मग माझे ६० च येतात की. दोघंही चुकीच्या कागदावरून भांडत असतात.

इचलकरंजीत राहती वस्ती आणि माग यांच्या मधे भिंत एकच असते, कधी तीही सामाईक. अशाच एका तक्रारीत रात्री मोजायला गेले होते. खाली दोन माग, शेजारी निवृत्त शिक्षकांचं घर. त्यांच्या खिडकीशी ५८. पण मागवाल्याचं म्हणणं बरोबर होतं: “हे सगळं माझंच कशावरून? पलीकडच्या गल्लीत काय कमी माग हायेत?” अशा वेळी पार्श्वभूमीचा आवाज वेगळा मोजावा लागतो. तक्रारीतला माग बंद, बाकी सगळं जसंच्या तसं. दोन आकड्यांत दहाच्या वर फरक असला तर पार्श्वभूमी सोडून द्यायची. तीनच असला तर मोजलेल्यातून तीन वजा करायचे. त्याहूनही कमी असला तर निष्कर्ष काढायचाच नाही. त्यांनी माग बंद केले, आले ५१. मग लाईट गेली. सगळ्या भागाची गेली. मी मीटर चालूच ठेवला होता: ३९. मास्तर खिडकीत आले आणि हळू आवाजात म्हणाले, “बघा, असं असतंय आमचं गाव.” अहवालात ५८ आणि ५१ गेले, ३९ नाही, लाईट गेलेली असताना घेतलेली नोंद कुठल्याच रकान्यात बसत नाही. लॉगरिथमच्या हिशेबानं दोन मागांचा स्वतःचा आवाज ५७ आला. मर्यादा ४५. आणि माग बंद असतानाचे ५१ सुद्धा मर्यादेच्या वरच, त्याचं काय करायचं ते मला कुणी विचारलं नाही.

फौंड्रीचा, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचा, आवाज वेगळा. मागाचा एकसुरी, फौंड्रीचा तुकड्यातुकड्यांचा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठंही जा: मोल्डिंगला साचा ठोकून बसवणाऱ्या जोल्टिंगची धडधड, नॉकआऊटला साचा फोडताना जमीन हादरते, फेटलिंगला (ओतलेला तुकडा घासून साफ करताना) ग्राइंडर किंचाळतो, मधे पाच मिनिटं काहीच नाही. अशा ठिकाणी “किती आलं” हा प्रश्नच गैरलागू. कुठल्या क्षणी किती? तासातलं एक मिनिट १०० आणि बाकीची एकोणसाठ मिनिटं ६० असेल, तर साधी सरासरी काढणारा ६१ लिहील. ऊर्जेनं काढलेली सरासरी, ज्याला आम्ही एलईक्यू म्हणतो, ती येते ८२. कानाला दुसरी लागू पडते. मी स्वतः असे अहवाल बघितलेत ज्यांत दहा ठिकाणांचे आकडे बेरीज करून दहानं भागलेत आणि खाली ‘कारखान्याची सरासरी आवाज पातळी’ म्हणून ठळक अक्षरांत छापलंय. त्या सरासरीत ऑफिसातली एसी केबिनही होती.

माणूस फिरता असेल तर मीटर त्याच्या मागं घेऊन हिंडण्यापेक्षा डोसीमीटर बरा. छोटं यंत्र, खांद्यावर कानाजवळ चिमट्यानं लावायचं, पाळीभर. त्यातही गमती. एकानं जेवणाच्या सुट्टीत शर्टसकट खिळ्याला टांगलं, तर ग्राफवर दुपारची दोन तास सपाट रेघ. दुसऱ्यानं त्यात फुंकर मारली, शिट्टी वाजवली. १२० चा काटा एकटाच उभा. असले काटे कुठले आणि खरे कुठले हे कळायचं तर दिवसभर तिथंच थांबून घड्याळ बघून टिपणं काढावी लागतात. यंत्र लावून ऑफिसात चहा पीत बसणाऱ्यांचे डोसीमीटरचे ग्राफ मला बघवत नाहीत.

एका फेटलरचं उदाहरण घ्या. दिवसातले दोन तास ९७ मधे, दोन तास ९५ मधे, उरलेला वेळ बऱ्यापैकी शांत जागी. आपल्या नियमाप्रमाणं ९७ ला तीन तास चालतात, त्यातले दोन वापरले. ९५ ला चार चालतात, दोन वापरले. बेरीज ११७ टक्के. थोडंसं वर, असं वाटतं. आता अमेरिकेच्या नायोश संस्थेचा निकष लावा: आठ तासांना ८५, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. मग ९७ ला अर्धा तासच मिळतो, ९५ ला पाऊण तासाच्या जरा वर. त्याच माणसाचा त्याच दिवसाचा डोस साडेसहाशे टक्के. कान तोच, दिवस तोच. गंमत म्हणजे अमेरिकेतच कारखान्यांना कायद्यानं लागू असलेला आकडा आपल्यासारखाच ९० आणि ५ चा आहे. नायोशची ती फक्त शिफारस. मला विचाराल तर ऊर्जेचा हिशेब ३ चाच आहे, ५ चा कशाचा आहे तर सोयीचा. पण माझ्या विचारण्यावर अहवाल चालत नाहीत, म्हणून मी दोन्ही लिहिते आणि मालकाला फोन करून सांगते की दुसरा आकडा का लिहिलाय.

उपाय काय, तर सगळ्यांच्या डोळ्यांपुढं येतो तो इअरप्लग. स्वस्त, लगेच मिळतो, फोटो काढायला बरा. पाकिटावर २९ डेसिबल कमी करतो असं लिहिलेलं असतं. आम्ही हिशेबाला धरताना त्यातून सात वजा करून उरलेलं निम्मं करतो, ११ राहतात. तेही नीट बसवला तर. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं डोक्यावरून कान वर-मागं ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटानं दाबून धरायचा. एवढं कुणीही सांगत नाही. कामगार तो बटणासारखा कानाच्या तोंडाशी चिकटवतो आणि त्याला वाटतं बसला. मागाच्या शेडमधे तर कापसाचा बोळा. कापूस पायाखाली फुकट पडलेला असतो ना. त्यानं कान खाजतो, आवाज फारसा अडत नाही. आणि प्लग कितीही भारी असला तरी निम्मा वेळ काढून खिशात ठेवला, तर त्या पाळीचा एकूण फायदा तीन डेसिबलच्या वर जात नाही. लोक काढतात ते हौसेनं नाही. क्रेन येताना ऐकू आली पाहिजे, मुकादम काय म्हणतो ते कळलं पाहिजे. म्हणून आधी ग्राइंडरची खोली वेगळी करा, नॉकआऊटला रबरी लायनर घाला, कॉम्प्रेसरच्या एअरला सायलेन्सर लावा, माणसांची अदलाबदल करा, प्लग शेवटी. हे मी दर वेळी लिहिते. दर वेळी पहिल्यांदा प्लगच येतात.

आता मिरवणूक. कोल्हापूरचं विसर्जन चोवीस तास उलटले तरी चालूच असतं. लाउडस्पीकर नियमाप्रमाणं रात्री बारापर्यंत, तोही सरकारनं जाहीर केलेल्या वर्षातल्या जास्तीत जास्त पंधरा दिवसांपैकी असेल तर. बाराला आवाज बंद, सहाला पुन्हा चालू. महाद्वार रोडवर दोन्ही बाजूंना तीन-चार मजली इमारती. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो, इथं उतरत नाही, भिंतींत अडकून पुढं सरकतो. नियम म्हणतो सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागासाठी ठरलेल्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५, दोन्हींत जे कमी असेल ते. ७५ तर नुसती हलगी आणि झांजपथक आलं तरी ओलांडतंय; लेझीम खेळणाऱ्यांवर मी राग धरणार नाही.

डॉल्बीचा खरा मुद्दा वेगळाच आहे, आणि तो नियमातल्या ‘ए’ या अक्षरात लपलाय. माणसाचा कान खर्जाला जरा बहिरा असतो, म्हणून मीटरही ‘ए’ भारांकनात खर्जाचं वजन कमी धरतो: ६३ हर्ट्झला तब्बल २६ डेसिबल कापतो. साध्या, मध्यम आवाजासाठी ते ठीक. पण डॉल्बीच्या भिंतीतला बेस नेमका तिथंच असतो. तो आपण कानानं कमी आणि छातीनं जास्त ऐकतो; जुन्या वाड्यांची तावदानं थरथरतात ती त्यानंच. मी त्याच जागी बटण ‘सी’ वर नेते, तिथं ६३ हर्ट्झला डेसिबलभरसुद्धा कापत नाही. गेल्या विसर्जनाला एका भिंतीसमोर ए मधे १०१ होते, सी मधे ११६. पंधराचा फरक, आणि तो पंधरा कायद्याला दिसतच नाही. उद्या एखाद्या ऑपरेटरनं टॉप (बारीक आवाजाचे स्पीकर) उतरवून बेस तेवढा ठेवला तर कागदावर आवाज कमी झालेला दिसेल आणि पहिल्या मजल्यावरच्या म्हातारीचा बिछाना तसाच हालत राहील.

पोरं मोबाईल पुढं करतात. “आमच्यात तर ८८ च दाखवतंय.” फोनचा मायक्रोफोन बोलण्यासाठी केलेला असतो, एका मर्यादेनंतर तो दाबून धरतो, वर कितीही वाढवा, आकडा तिथंच. शांत खोलीत, एकाच फोननं, दोन दिवसांची तुलना करायला ॲप वापरा, हरकत नाही. नायोशनं आयफोनसाठी एक फुकट ॲप काढलंय ते बाकीच्यांपेक्षा बरं, वेगळा कॅलिब्रेट केलेला मायक्रोफोन जोडला तर चांगलंच बरं. पण तक्रार करायला फोनचा स्क्रीनशॉट घेऊन येऊ नका, त्याला कोणी विचारत नाही. तारीख, वेळ, जागा, किती वेळ चालला, खिडकी उघडी होती का, हे लिहून आणा. मुंबईत सुमैरा अब्दुलाली आणि आवाज फाउंडेशननं गेली वीसेक वर्षं मीटर घेऊन रस्त्यावर उभं राहून नोंदी ठेवल्या, त्याला वजन आलं ते नोंदींच्या सातत्यानं.

आमच्या अहवालाच्या नमुन्यात रकाने चार: जागा, मोजलेली पातळी, मर्यादा, शेरा. यंदा मी कामाच्या जागेच्या अहवालात पाचवा घातला: तिथं कोण उभं असतं आणि किती तास. भरायला त्रास होतो, कारण ते मीटर सांगत नाही; कामगाराला, मुकादमाला, जॉबरला विचारावं लागतं, आणि तिघांची उत्तरं वेगळी येतात. एका गिऱ्हाइकाचा लगेच फोन आला. “मॅडम, हे फॉरमॅटमधे नाही. काढून टाका, ऑडिटर प्रश्न विचारतील.” साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, मर्यादेचा रकाना ठेवायचा असेल तर हाही ठेवावा लागेल, तासांशिवाय मर्यादा लिहिताच येत नाही, नियमातला तक्ताच तासांचा आहे. साहेबांनी नियम काढून बघितला, आणि रकाना राहिला. त्या गिऱ्हाइकानं पुढच्या सहामाहीच्या कामाचं कोटेशन अजून मागवलेलं नाही.